नान्निंगसाठी पन्नास पत्रकं

जळगावातल्या ट्रॅव्हल एजंटने तिसऱ्यांदा शांघायचं रंगीत पान माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा मी ते उचलून त्याच्याच टेबलावर पालथं ठेवलं.

"दादा, मला शांघायला जायचं नाही. नान्निंगला जायचं आहे."

"ऐकलं मी ताई. पण तिथे आहे काय?"

"केळी."

तो खुर्चीत मागे रेलून हसला. "केळी बघायला चीन? अहो, सावद्याला जा ना. एसटी तासाभरात सोडते."

बाजूच्या टेबलावरची मुलगीही हसली. माझ्या शेजारी आबा, म्हणजे माझे वडील, मान डावीकडे कलती ठेवून बसले होते. त्यांची मान तशीच असते. एजंटला वाटलं ते त्याच्याकडे रोखून बघताहेत. त्याने हसणं आवरलं आणि संगणकावर नान्निंग शोधायला घेतलं. दोन वेळा चुकीचं गाव काढलं.

मला या गोष्टीचा फार राग येतो. नान्निंग काही खेडं नाही. दक्षिण चीनमध्ये, व्हिएतनामच्या बाजूला असलेलं ते एका मोठ्या प्रांताचं मुख्य शहर आहे. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी तिथली माणसं जास्त भरतील. आजूबाजूला आपल्यासारख्याच केळीच्या बागा आहेत. पण चीन म्हटलं की आमच्याकडे लोकांना मोबाईल आठवतो, नाहीतर सीमेवरची भांडणं आठवतात. माझ्या इमारतीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी तर जिन्यात थांबवून मला विचारलं, "शत्रूच्या घरी जाताय म्हणे?" मी म्हटलं, "हो, आणि त्यांच्याकडे हमालाची मान कशी वाचवतात ते बघून येते." त्यांना काहीच कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

इथे मात्र समजावते.

आबा मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. कोरडवाहू शेतीत भागेना म्हणून तरुणपणी ते रावेरकडे केळीच्या टोळीत आले आणि राहिले. टोळीतला एकजण घड कापतो आणि बाकीचे ते डोक्यावर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत, ट्रकपर्यंत नेतात. डोक्यावर वाळलेल्या पानांची चुंबळ, त्यावर घड, पायाखाली पाणी दिलेली निसरडी बाग. घड आपटला तर माल डागी होतो आणि बागवाला ओरडतो. म्हणून पाय घसरला तरी मान हलू द्यायची नाही. आबांनी आयुष्यभर मान हलू दिली नाही. आता ती हलतच नाही. डावीकडे कलती राहते आणि वर होत नाही.

टोळीची संघटना बांधली तेव्हा पत्रकं आबाच लिहीत. उरलेल्या पत्रकांची मागची कोरी बाजू माझ्या गृहपाठाची वही असे. एका बाजूला "हमालांनो, एक व्हा", दुसऱ्या बाजूला तेराचा पाढा. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आबांची एक ठरलेली ओळ असे: वाचा आणि पुढच्याला द्या. मला वाटायचं, जगातला प्रत्येक छापील कागद याच ओळीने संपतो.

गेल्या वर्षी मी आबांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नान्निंगजवळच्या एका बागेत केळीच्या ओळींमधून डोक्याच्या वर एक तार गेली होती. तारेवर चाकं, चाकाला टांगलेले घड. एक माणूस पंधरावीस घडांची माळ हाताने हळूहळू ओढत चालला होता आणि त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. आबांनी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. मग ते ज्या बागायतदाराकडे वर्षानुवर्षं टोळी नेत होते, त्याच्याकडे तो घेऊन गेले. बागायतदार माणूस वाईट नाही, पण हुशार आहे. म्हणाला, "आबा, मोबाईलवर सगळंच खरं दिसतं. तुम्ही डोळ्यांनी बघून या, काय काय लागतं ते मोजून आणा. पुढच्या मृगबागेत, जूनच्या लागवडीत, माझ्या शेतात पहिली तार लावू."

तो आबांना वाटेला लावत होता, हे मला लगेच कळलं. हमाल चीनला जाईल कशाला? आबांनी मात्र ते शब्द करारासारखे घरी आणले. "डोळ्यानं देखी ये, अशे बोलना तो," ते म्हणाले. "मंग देखनं पडी."

मला एका पुस्तकाचा पुरस्कार मिळाला होता. दोघांच्या तिकिटापुरते पैसे होते. त्या बागेच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीला मी व्हिडिओखाली लिहिलं, तिने उत्तर दिलं, आणि इंग्रजीत धडपडत आमची ओळख झाली. श्रावणात त्यांची कापणी दहा दिवस चालते, तेव्हा या, असं तिने कळवलं. नंतर ते ती बाग मोडून नवी लागवड करणार होते. म्हणजे हे दहा दिवस किंवा काहीच नाही.

व्हिसाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना होता. एजंटने आबांसाठी शेतकरी लिहिलं. आबांनी बोट ठेवलं. "हमाल."

"काका, शेतकरी बरं दिसतं."

"शेत कोठे शे माले? हमाल लिख."

त्याने हमाल लिहिलं. मग माझ्याकडे वळला. "ताई, शिकवण्या घेता ना? शिक्षिका टाकतो."

"मी लेखिका आहे."

"तेच तर. लेखक लिहिलं की चौकशा वाढतात. शिक्षिका खोटंही नाही."

खोटं नव्हतंच. मी सहावी-सातवीच्या शिकवण्या घेतेच. पण आबांनी माझ्यासमोर शेतकरी खोडून हमाल लिहायला लावलं होतं. त्यानंतर मी लेखिका लपवायची? मी म्हटलं, "लेखिका लिहा." एजंटने लिहिलं आणि मान हलवली. मला तेव्हा स्वतःचं फार बरं वाटलं. तेवढंच बरं वाटणं मला या प्रवासातून मिळालं, हे आता सांगायला हरकत नाही.

तारखा ठरल्यावर मी गावी गेले, कारण त्या दहा दिवसांत आमची कानबाई येत होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि सगळे भाऊबंद गावी जमतात. त्या दिवशी रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजायचं, ते दळायचं, त्याचे रोट भाजायचे. ते पौर्णिमेच्या आत घरच्याच माणसांनी संपवायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच.

पुरुषाच्या नावाने. हे मला कॉलेजात असताना सहन झालं नाही. मी एक पत्रक काढलं, "मुलींची मूठ कुठे आहे?" आणि भाऊबंदांच्या घराघरात वाटलं. एका चुलत आजोबांनी ते चुलीत घातलं. काकूने, म्हणजे आबांच्या वारलेल्या मोठ्या भावाच्या बायकोने, ते दोनदा वाचलं आणि त्या वर्षी माझ्या नावाने सव्वा मूठ गहू वेगळे काढले. कोणालाही न विचारता. पुढच्या वर्षी माझ्या चार चुलत बहिणींच्याही मुठी मोजल्या गेल्या. आयुष्यात मी जिंकलेली ही एकच लढाई.

काकू अंगणात वाल निवडत होती. मी सांगितलं, "काकू, यंदा मी आणि आबा कानबाईला नाही. चीनला चाललोय."

"तुन्हा बाप तठे रोट खाई का?" काकू बघतही नव्हती. 

"आबांचा वाटा कोणी खाईल ना. सुरतेला कामाला असलेल्या भाऊबंदांचा खातातच."

"त्यास्ना भाऊ खातंस. सख्खा भाऊ, नईतर पोऱ्या." तिने वालाचा खडा फेकला. "तुन्हा बापना भाऊ गया. पोऱ्या नई. आनि तुन्हा वाटा? पोरना वाटा कोन खाई, हाई काय लिखेल व्हतं तुन्हा कागदवर?"

लिहिलेलं नव्हतं. मी मोजा म्हटलं होतं. मोजलेलं माणूस गैरहजर असेल तर काय, याचा विचारच केला नव्हता.

"मग यंदा माझी मूठ धरू नका," मी चिडून म्हटलं.

काकूने पहिल्यांदा वर बघितलं. "तू नको म्हन. मंग त्या चारी पोरीस्ले पुढला साले कोन मोजी? म्हनतीन, देखा, जिनी मांगं तिनीच सोडं."

मी तशीच उठून स्टेशनवर आले. शिंदखेड्याहून जळगावपर्यंत गाडीत मी मनातल्या मनात भांडत होते. कानबाईशी, काकूशी, त्या चुलत आजोबांशी. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा कळलं, भांडण्यासाठी माझ्याच पत्रकाशिवाय कोणी उरलेलं नाही. रूढीने मला अडवलं असतं तर मी ती मोडून गेले असते. इथे मला माझ्याच जिंकलेल्या हक्काने अडवलं होतं.

तरी मी जायचं ठरवलं होतं. आबांना एकट्याला कसं पाठवणार?

जुलैत आबांचा व्हिसा आला. माझा आला नाही. माझ्याबद्दल आणखी कागद हवे होते. एजंटने एक मजकूर तयारच ठेवला होता: या प्रवासाविषयी मी कुठेही काहीही लिहिणार नाही.

"एक सही करा, मी जोडून देतो."

"मी लिहायलाच चालले आहे."

"ताई, जाऊन या आणि मग लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

एजंटने पेन खाली ठेवलं. "हमालाचा व्हिसा आला आणि लेखिकेचा अडकला. माझ्या धंद्यात मी असं पहिल्यांदा बघतोय."

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. सही केली नाही, हेही. वाटलं, ते म्हणतील, करून टाकायची होतीस. पण ते म्हणाले, "बरं करं." आणि थोड्या वेळाने, "मी एकला जासू."

मी ओरडले. इंग्रजी येत नाही, विमान कधी जवळून बघितलं नाही, तिथे आपले मेसेजसुद्धा चालत नाहीत, हरवलात तर?

"रावेरले उना तवय माले तठली भाषा तरी कोठे येत व्हती?" आबा म्हणाले. 

मग उरली ती तयारी, आणि ती करताना माझी रोज चिडचिड होत होती. भुसावळहून कोलकात्याची गाडी, कोलकात्याहून ग्वांगझौला विमान, तिथून रेल्वेने नान्निंग. कोलकात्यात टोळीतल्या एकाचा मेहुणा विमानतळापर्यंत सोडणार होता. नान्निंगच्या स्टेशनवर ती मुलगी येणार होती. मधल्या ग्वांगझौची धास्ती होती. मी म्हटलं, चिनीत एक कार्ड करू, ते गळ्यात अडकवा, अडलं की दाखवा. मजकूर आबांनी सांगितला, मी तो त्या मुलीला पाठवला, तिने चिनीत करून दिला: मी भारतातल्या जळगावचा केळीचा हमाल आहे. आयुष्यभर घड डोक्यावर वाहिले. नान्निंगच्या बागेतली तार बघायला निघालो आहे. कृपा करून मला नान्निंगच्या गाडीत बसवून द्या. खाली तिचा फोन नंबर.

"एकच कागद?" आबा म्हणाले. "हारपी गया ते?"

मुद्दा बरोबर होता. आम्ही धुळ्याला गेलो, कारण आबांची पत्रकं कायम तिथल्या एकाच छापखान्यात निघत. छापखानेवाल्याने फाइल उघडली तर चिनी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. दोन तास तो फॉन्ट शोधत होता आणि मी त्याच्या डोक्यावर उभी होते. शेवटी मी फोनवरच्या मजकुराचा फोटो काढून दिला आणि त्याच्यावरून प्रती निघाल्या. पन्नास. प्रत हातात घेऊन आबांनी तळाशी बघितलं.

"आपली वळ?"

वाचा आणि पुढच्याला द्या. मी कपाळावर हात मारला. पण ते ऐकेनात. मी त्या मुलीला लिहिलं, तिने तीही ओळ पाठवली, हसणाऱ्या चेहऱ्यासकट. पुन्हा पन्नास प्रती. पिशवीत त्यांनी पत्रकं आणि सुतळीचा एक गुंडा ठेवला. तारेची उंची आणि दोन खांबांमधलं अंतर गाठी मारून मोजून आणायचं होतं. टेप नेऊ नका असं मी म्हटलं नव्हतं. टेपवर त्यांचा विश्वास नाही.

भुसावळला गाडी सुटताना त्यांना खिडकीतून मान बाहेर काढता येईना. त्यांनी हातच बाहेर काढला. मी फलाटावर चालत पुन्हापुन्हा सांगत होते, "कागद अडलं तरच दाखवायचा, आबा. अडलं तरच."

शुक्रवारी कोलकात्याच्या मेहुण्याचा फोन आला, आत सोडलं. त्यानंतर काही नाही. आबांचा फोन लागत नव्हता. शनिवार गेला. रविवारी मी गावी, काकूच्या घरात. धान्य आधीच मोजून, धुतलेल्या चक्कीवर दळून आणलेलं होतं. काकूने रोट थापले. माझा वाटा होताच, आणि आबांचाही होता.

"ह्या दोन्ही तुन्हा," काकू म्हणाली.

आतून चुलत आजोबा म्हणाले, "पोर बापना वाटा खाई? कवय ऐकं नई."

"पोऱ्या बापना वाटा खास ना? मंग जी मोजेल शे ती खाई," काकूने तव्यावरून नजर न काढता सांगितलं. जे पत्रकात लिहायचं राहून गेलं होतं, ते काकूने रोट उलटवता उलटवता लिहून टाकलं. एरवी मी आनंदाने ओरडले असते. तेव्हा माझं लक्ष फोनवर होतं.

दुपारी नान्निंगच्या मुलीचा फोन आला. तिचं इंग्रजी नेहमीपेक्षा भरभर होतं. "तुझे वडील मिळाले. पण ग्वांगझौला पोलीस आले होते."

मी फोन घेऊन ओट्यावर आले.

आबा स्टेशनच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रक वाटत होते. रावेरच्या बसस्टँडवर वाटतात तसे. आणि लोक तळाची ओळ वाचून खरंच ते पुढच्याला देत होते. थोड्याच वेळात तिला अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले: तुमचा हमाल इथे आहे, त्याला कुठल्या दारातून आत न्यायचं? मग पोलीस. त्यांनी उरलेली पत्रकं काढून घेतली, वाचली, तिला फोन केला, आबांना बाकावर बसवून गरम पाणी दिलं आणि स्वतः गाडीत बसवून दिलं. बाकीची पत्रकं परत दिली, एक त्यांनी ठेवून घेतलं.

"त्यांनी सांगितलंय, पुन्हा वाटू नका," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांनी विचारलं, का? मी भाषांतर केलं नाही."

मी फोन ठेवला आणि खरं सांगायचं तर रागानेच रडले. मी सांगितलं होतं. अडलं तरच. काकू म्हणाली, "पोचना ना? मंग रोट खाय." कोरडे, जाड, तोंडात फिरत राहणारे रोट. त्या दिवशी मी माझा संपवला. आबांचा संपायला पौर्णिमेपर्यंतचा वेळ होता, पण तो मध्येच सोडून जळगावला परतणं मला शक्य नव्हतं.

मंगळवारी व्हिडिओ आला. मी काकूच्या ओट्यावर, हातात आबांच्या वाट्याचा तुकडा. बागेत तार दिसत होती, चाकं किरकिरत होती, घडांची माळ येत होती. आबा दिसत नव्हते. मग मुलीने फोन खाली वळवला. आबा केळीच्या दोन ओळींमध्ये वाळलेल्या पानांवर उताणे पडलेले होते.

"पडना का काय?" काकू माझ्या खांद्यावरून वाकली.

"नाही."

मान वर होत नाही. उभं राहून त्यांना तार दिसलीच नसती, म्हणून ते निजून बघत होते. एका हातात सुतळी होती आणि तिला गाठी होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक घड पुढे जात होते. घड ओढणारा माणूस थांबून हसला, तेव्हा आबांनी हातानेच त्याला चल चल केलं.

"आठून बठ्ठं दिसस, सगळं दिसस," ते म्हणाले. मग कोणाला तरी, बहुतेक मलाच, "किती गाठी ते लिखी ले. सात आनि वर एक वीत."

मी लिहून घेतलं. कागद जवळ नव्हता, म्हणून माझ्या पिशवीत राहिलेल्या, ती ओळ नसलेल्या पहिल्या चिनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मग उरलेला तुकडा तोंडात घातला.